शेवटचे दोनशे मीटर



शर्यत म्हटली की पहिला कोण आला, एवढेच आपण विचारतो. घरातली मुलेही हेच शिकतात. जिंकणाऱ्याने शेजारून धावणाऱ्याला कसे वागवले, हा प्रश्न बक्षीस वाटताना कोणी काढत नाही. या महिन्यात आम्ही अशा एका खेळाची हकीकत सांगणार आहोत, ज्यात या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असतो. हा खेळ म्हणजे युरोपातल्या मोठ्या सायकल शर्यती, आणि त्यातही टप्प्याच्या शेवटी होणारी वेगवान सायकलस्वारांची झुंज.

ही हकीकत नेदरलँड्सच्या दोन तरुणांची आहे. एकाचे नाव फाबियो याकोबसन, दुसऱ्याचे डिलन ग्रूनवेगन. देश एक, भाषा एक, धंदा एक. एका संध्याकाळी यातल्या एकाच्या चुकीने दुसरा मरणाच्या दारात गेला. पुढे काय झाले ते समजून घ्यायचे तर आधी खेळ समजला पाहिजे.

तीन आठवडे आणि दहा-पंधरा सेकंद

सायकलची मोठी शर्यत एका दिवसात संपत नाही. फ्रान्सची ‘टूर द फ्रान्स’ १९०३ साली सुरू झाली. आज ती २१ टप्प्यांची असते, सुमारे तीन आठवडे चालते आणि साधारण ३,४०० किलोमीटरचे अंतर कापते. इटलीची ‘जिरो’ आणि स्पेनची ‘व्हुएल्टा’ याच घडणीच्या. रोज एक टप्पा, रोज वेळेची नोंद. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याला सर्वांत कमी लागली, तो शर्यतीचा विजेता.

हा विजेता बहुतेक वेळा डोंगर चढण्यात तरबेज असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत ठाऊक असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथेही बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान मिळतो. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते मात्र घाटाचे राजे नव्हेत. त्यांना ‘स्प्रिंटर’ म्हणतात. अंगाने भरलेले, मांड्यांत प्रचंड ताकद, पण ती ताकद दहा-पंधरा सेकंदांपुरती. चढावर हेच वजन त्यांना जड जाते. तीन आठवड्यांची शर्यत आपण जिंकणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. त्यांचे सगळे लक्ष सपाट रस्त्यावरच्या मोजक्या टप्प्यांवर असते. तेवढ्या दिवसांत कोण किती वेळा पहिला येतो, यावर त्यांची वर्षाची कमाई आणि पुढचा करार ठरतो. त्यांच्यासाठी टूरमध्ये १९५३ पासून हिरवा जर्सी-सन्मानही आहे. रोजच्या क्रमांकाचे गुण मोजून तो दिला जातो.

सपाट टप्प्यावर शंभर-दीडशे जण एकत्रच शेवटाकडे येतात. याचे कारण वारा. पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहिले की तो आपल्यासाठी वारा कापतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणून प्रत्येक संघ आपल्या स्प्रिंटरला मागे ठेवून पुढे आगगाडीच्या डब्यांसारखी रांग लावतो. संघात आठ जण असतात. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये एकेक जण पूर्ण जोर लावून वारा अंगावर घेतो, दमला की बाजूला होतो, मग त्याच्या मागचा पुढे येतो. एक किलोमीटर उरला की रस्त्यावर लाल त्रिकोणी निशाण दिसते. साधारण दोनशे मीटर उरले की शेवटचा सोबती बाजूला होतो आणि स्प्रिंटर एकटा बाहेर पडतो. इथून पुढे त्याला वाचवणारे कोणी नसते.

या क्षणी वेग ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या घरात असतो. अंगावर पातळ कपडा आणि डोक्यावर शिरस्त्राण, एवढेच संरक्षण. टायर जेमतेम बोटा-दीड बोटाएवढा रुंद. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसरे स्प्रिंटर, आणि कडेला लोखंडी कठडे. निकाल पुष्कळदा टायरच्या रुंदीएवढ्या फरकाने लागतो. तो कॅमेऱ्याच्या छायाचित्रावरून ठरवावा लागतो.

आपली रेघ सोडू नये

अशा गर्दीत कोणी मरत कसे नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर एका नियमात आहे. ‘यूसीआय’ या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा हा नियम. स्प्रिंट सुरू करताना जी वाट धरली, ती सोडून दुसऱ्याला धोका होईल असे वळायचे नाही. रस्त्यावर प्रत्यक्ष आखलेली रेघ नसते. ती प्रत्येकाने मनात आखायची असते. तुम्ही डावीकडून निघालात तर डावीकडूनच जा. मागचा तुमच्या शेजारून पुढे येऊ लागला तर अधिक जोराने पायडल मारा, पण त्याच्या वाटेत सायकल घालू नका.

हा नियम साधा दिसतो. पण त्यात मोठी गोष्ट आहे. मागून येणारा माणूस ताशी ७० किलोमीटरने कठड्याशेजारच्या फटीत शिरतो, ते केवळ एका भरवशावर. पुढचा माणूस माझा प्रतिस्पर्धी आहे, त्याला मला हरवायचे आहे, तरीही तो आपली रेघ सोडणार नाही, हा तो भरवसा. ज्याला हरवायचे त्याच्याच हाती आपला जीव सोपवायचा, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे अशा गोष्टीला एक नेमका शब्द आहे, अमानत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये प्रत्येक स्प्रिंटर शेजारच्याची अमानत सांभाळत असतो.

रेघ चुकली तर काय होते, याचे जुने उदाहरण ताश्कंदच्या एका खेळाडूचे आहे. ताश्कंद आपल्याला लालबहादूर शास्त्रींच्या १९६६ च्या करारामुळे माहीत आहे. सायकलच्या जगात ते जमालोदिन अब्दुजापारोव या नावामुळे ओळखले जाते. आपल्याकडे हेच नाव आपण जमालुद्दीन असे लिहू. मूळ क्रीमियन तातार घराण्यातला, उझबेकिस्तानात वाढलेला हा स्प्रिंटर डोके खाली घालून, सायकल डावी-उजवीकडे हलवत असा काही सुटायचा, की शेजारचे दचकत. १९९१ च्या टूरच्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये हिरवी जर्सी त्याच्या अंगावर होती. शेवटच्या झुंजीत त्याचे डोके खालीच राहिले, सायकल कडेला सरकली, कठड्याला धडकली आणि तो हवेत उडून रस्त्यावर आपटला. हिरवी जर्सी राखायची तर अंतिम रेषा ओलांडणे भाग होते. काही वेळाने, इतरांच्या आधाराने, जखमी अवस्थेत त्याने ती ओलांडली. जर्सी राहिली. पुढे १९९३ आणि १९९४ मध्येही ती त्याने मिळवली. त्या दिवशी त्याला कोणी ढकलले नव्हते. जिंकण्याच्या धुंदीत मान खाली गेली आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला, एवढेच घडले होते.

अब्दुजापारोवची चूक मुख्यतः त्याच्याच अंगावर आली. कातोवित्सेमध्ये ती दुसऱ्याच्या अंगावर आली.

कातोवित्से, ५ ऑगस्ट २०२०

पोलंडच्या टप्प्यांच्या शर्यतीचा हा पहिला दिवस. करोनामुळे कित्येक महिने शर्यती बंद होत्या, आणि नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या होत्या. प्रत्येकाला काही करून दाखवायचे होते. कातोवित्से शहरातला शेवट उताराचा होता. एरवी ६०-७० चा वेग असतो, तिथे तो ८० च्या पुढे जाई. हा शेवट धोक्याचा आहे, असे सायकलस्वार आधीपासून म्हणत होते.

२७ वर्षांचा ग्रूनवेगन पुढे होता. २३ वर्षांचा याकोबसन त्याच्या उजव्या बाजूने, कठड्याशेजारून पुढे येत होता. ग्रूनवेगनने रेघ सोडली. तो उजवीकडे सरकत गेला, कोपर बाहेर आले, आणि याकोबसनला जायला जागाच उरली नाही. तो कठड्यावर आदळला. कठडे एकमेकांपासून सुटून उधळले आणि तो पलीकडे जाऊन पडला. रेषेपाशी काम करणारा एक माणूसही जखमी झाला. ग्रूनवेगन रेषा ओलांडून पहिला आला, आणि तोही पडून त्याचे गळ्याचे हाड मोडले.

याकोबसनच्या संघातला फ्लोरियाँ सेनेशाल शर्यत सोडून त्याच्याकडे धावला. तोंडात रक्त भरत होते, श्वास अडकत होता. सेनेशालने त्याचे डोके उचलून आधार दिला. मदत येईपर्यंत हे फार मोलाचे ठरले, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी कोण कितवा आला हे आज कोणाला आठवत नाही, पण डोके धरून बसलेला तो सोबती आठवतो.

इस्पितळात याकोबसनला औषधांनी बेशुद्ध ठेवून चेहऱ्यावर कित्येक तास शस्त्रक्रिया झाली. दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला. मेंदूला मार, कवटीला तडा, टाळू फाटलेली, जबड्याचा काही भाग गेलेला, चेहऱ्यावर १३० टाके. तोंडात एकच दात उरला होता. पुढे नेदरलँड्समध्ये कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यात बसवण्यात आला, आणि त्यावर नवे दात. आपण मरणार, असे त्या दिवसांत आपल्याला पुन्हा पुन्हा वाटत होते, असे त्याने नंतर सांगितले.

शिक्षा कोणी द्यायची?

पंचांनी त्याच दिवशी ग्रूनवेगनला बाद केले आणि टप्पा याकोबसनच्या नावावर लावला. ज्याच्या नावावर विजय लागला त्याला त्याची शुद्धच नव्हती. नोव्हेंबरमध्ये यूसीआयने ग्रूनवेगनवर अपघाताच्या तारखेपासून नऊ महिन्यांची बंदी घातली. ती ७ मे २०२१ पर्यंत होती. संघटनेने आपल्या घरातही पाहिले. कठडे कसे असावेत, शेवटची जागा कशी निवडावी, याचे नियम कडक करण्याचे काम २०२१ मध्ये हाती घेतले गेले. हे आवश्यक होते. चूक एका माणसाची होती, पण उतार त्याने निवडला नव्हता आणि कठडेही त्याने लावले नव्हते.

इथपर्यंत इन्साफाचा मार्ग झाला. याच्या जोडीला एक दुसरा मार्गही सुरू झाला होता. ग्रूनवेगनला आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. हाताने लिहिलेली पत्रे घरी येत. एका पत्रासोबत त्यांच्या बाळासाठी म्हणून गळफासाची दोरी आली होती, असे त्याने पुढे सांगितले. घराला पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. ही पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणाचा याकोबसनशी काय संबंध होता? ज्याचे दात गेले त्याने अशी दोरी पाठवली नाही. ज्यांचे काही गेले नव्हते, त्यांनी पाठवली.

दुसऱ्याच्या दुःखाचा आधार घेऊन आपला राग मोकळा करण्याची ही सवय केवळ युरोपातली नाही. मोहल्ल्यात दोन गाड्यांची धडक होते, तेव्हा जखमीला रिक्षात घालणारे दोघे असतात आणि चालकाला मारायला पुढे येणारे वीस. कायद्याने जी शिक्षा मोजून दिली, तिच्यावर आपण आपल्या हाताने भर घालतो आणि त्याला न्याय म्हणतो.

घाईने निवाडा केला की काय होते, हे सायकलच्या जगाने तीन वर्षांपूर्वीच पाहिले होते. ४ जुलै २०१७ रोजी फ्रान्समधल्या व्हितेल गावी टूरच्या चौथ्या टप्प्याचा शेवट होता. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश कठड्याशेजारून पुढे येत असताना स्लोव्हाकियाच्या पीटर सागानशी त्याची टक्कर झाली. कॅव्हेंडिश पडला आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले. सागानचे कोपर बाहेर आलेले चित्रात दिसत होते. पंचांनी काही तासांतच सागानला शर्यतीतून घालवले. मग सावकाश, वेगवेगळ्या कोनांतून चित्रफीत पाहिली गेली, आणि कोपर टक्कर होण्याआधी बाहेर आले की झाल्यावर तोल सावरताना, यावर मतभेद झाले. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेले. डिसेंबरमध्ये तडजोड होऊन हा प्रकार हेतुपुरस्सर नव्हता, असे मान्य झाले. चित्रफीत पाहण्यासाठी स्वतंत्र पंच नेमण्याची व्यवस्था यानंतर आली. पण गेलेली टूर सागानला परत मिळाली नाही. आणि सागानचे चाहते? त्यांनी खांदा मोडलेल्या कॅव्हेंडिशलाच, त्याच्या कुटुंबासकट, शिव्या आणि धमक्या पाठवल्या. म्हणजे एकदा जखमीला, एकदा जखम करणाऱ्याला. जमावाला माणूस कोण आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते, त्याला फक्त कोणीतरी हवा असतो.

माफी कोणाकडे मागायची?

आता हकीकतीतला नाजूक भाग. ग्रूनवेगनने अपघातानंतर लगेच जाहीरपणे खेद व्यक्त केला होता. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत तो रडला होता. त्याच्या खेदाविषयी शंका घेण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. २०२१ च्या मे महिन्यात दोघे ॲमस्टरडॅममध्ये समोरासमोर भेटले. भेटीनंतर ग्रूनवेगनने ती चांगली झाल्याचे जाहीर केले. तेव्हा याकोबसनला जाहीरपणे लिहावे लागले, की वैयक्तिक माफी आपल्या कानावर अजून आलेली नाही, आणि हे प्रकरण बातम्यांतून नव्हे तर आपसात मिटावे अशी आपली इच्छा आहे.

पुष्कळांना हे आवडले नाही. एवढा रडला, शिक्षा भोगली, भेटायला आला, आता आणखी काय हवे, असे लोक म्हणाले. वाचकहो, आम्ही इथे याकोबसनच्या बाजूने उभे आहोत. सगळ्या जगापुढे व्यक्त केलेला खेद आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या डोळ्यांत पाहून मागितलेली माफी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने आपली प्रतिमा सावरते, दुसरीने समोरच्याचे मन. दंड भरला म्हणजे संघटनेचा हिशेब मिटतो, जखमीचा नाही. त्याचा हिशेब त्याच्याच दारी जाऊन मिटवावा लागतो.

आणि माफ करणे हा ज्याला जखम झाली त्याचा हक्क आहे. आपल्या घरांत हे फार वेळा विसरले जाते. भावाभावांत भांडण होते, एकाचा खरोखर अन्याय झालेला असतो, आणि घरातली मोठी माणसे त्यालाच सांगतात, “जाऊ दे, तू मोठ्या मनाचा आहेस, आज सण आहे, मिठी मार.” मिठी मारली जाते, फोटो निघतो, आणि मनातली गाठ तशीच राहते. माफीची घाई करणारे बहुतेक वेळा आपल्या सोयीसाठी घाई करत असतात. याकोबसनने ग्रूनवेगनवर सूड मागितला नाही आणि लोकांना त्याच्याविरुद्ध चिथावलेही नाही. त्याने फक्त म्हटले, जे झालेले नाही ते झाले असे मी म्हणणार नाही. यालाही सब्रच म्हणावे लागेल.

पुन्हा रस्त्यावर

अपघाताला आठ महिने झाले होते, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या शर्यतीत याकोबसन पुन्हा सायकलवर दिसला. जिंकण्यासाठी नव्हे, गर्दीत चालवायची भीती जाते का ते पाहण्यासाठी. ग्रूनवेगन बंदी संपताच मे महिन्यात इटलीच्या जिरोमध्ये परतला. जुलैमध्ये बेल्जियमच्या वालोनी भागातल्या शर्यतीत दोघेही होते. पहिला टप्पा ग्रूनवेगनने जिंकला, दुसरा याकोबसनने. अपघातानंतरचा दोघांचाही हा पहिला विजय, आणि तो लागोपाठच्या दोन दिवशी.

त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टामध्ये याकोबसनने तीन टप्पे जिंकले आणि तिथली हिरवी जर्सीही मिळवली. तिसरा विजय ३१ ऑगस्टचा, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याला पाणी पिणे कठीण झाले असेल.

२०२२ ची टूर डेन्मार्कमधून सुरू झाली. याकोबसनची ही पहिलीच टूर. त्याच्या संघात कॅव्हेंडिशही होता. आदल्या वर्षी चार टप्पे जिंकून त्याने बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या ३४ विजयांची बरोबरी केली होती. तरी संघाने जागा याकोबसनला दिली. २ जुलै रोजी समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडून शर्यत न्यूबोर्ग गावी आली, आणि दुसरा टप्पा याकोबसनने जिंकला. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, सोनरबोर्ग गावी शेवट झाला. छायाचित्रावरून निकाल ठरला. टायरभर फरकाने विजेता होता डिलन ग्रूनवेगन. विजयानंतर त्याचे डोळे भरून आले. घरच्यांनी साथ दिली म्हणून इथपर्यंत आलो, मनाने हा रस्ता फार लांबचा होता, अशा आशयाचे तो बोलला.

दोघांच्या गळाभेटीचे छायाचित्र वाचक शोधत असतील तर आमच्याकडे ते नाही, आणि हकीकत गोड करण्यासाठी आम्ही ते घडवणारही नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ते दोघे पुन्हा एकाच रस्त्यावर, शेजारी-शेजारी, ताशी ७० किलोमीटरने शर्यत लढले, आणि दोघांनी आपापली रेघ धरली. याकोबसनने पुन्हा एकदा आपला जीव प्रतिस्पर्ध्यांच्या भरवशावर सोडला, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांत ग्रूनवेगनही होता. तोंडाने म्हटलेल्या माफीइतकेच हेही मोठे आहे.

डोंगरातली सोबत

स्प्रिंटरांच्या आयुष्याची आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डोंगराच्या टप्प्यांवर ते मागे पडतात. पण प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्यानंतर ठरावीक वेळेत रेषा ओलांडली नाही, तर शर्यतीतून बाद. २०१८ मध्ये आल्प्सच्या एका टप्प्यावर कॅव्हेंडिश आणि जर्मनीचा मार्सेल किटेल हे दोन नामवंत स्प्रिंटर असेच एकाच दिवशी बाद झाले होते. हे टाळण्यासाठी मागे पडलेले सगळे एकत्र गट करतात. इटालियन भाषेत त्याला ‘ग्रुपेटो’ म्हणतात. किती वेग ठेवला तर मर्यादेत पोचू, याचा हिशेब करून ते आळीपाळीने पुढे येतात. सपाट रस्त्यावर ज्यांनी एकमेकांना टायरभर जागा दिली नाही, तेच डोंगरात एकमेकांसाठी वारा कापतात. कारण एकट्याने गेलेला बहुधा वाचत नाही.

त्याच २०२२ च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वतात पेराग्यूद येथे सतरावा टप्पा संपला. याकोबसन सर्वांत मागे होता. शेवटचा चढ इतका उभा की सायकल जेमतेम पुढे सरकत होती, आणि घड्याळ संपत आले होते. वर त्याचे सोबती उभे राहून त्याला हाका मारत होते. काही सेकंद उरले असताना त्याने रेषा ओलांडली आणि तो तिथेच कोसळला. न्यूबोर्गच्या विजयापेक्षा आम्हाला हा शेवटचा क्रमांक मोठा वाटतो.

कॅव्हेंडिशची गोष्टही अपुरी ठेवत नाही. ३ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, सँ-व्हुल्बा येथे त्याने ३५ वा टप्पा जिंकून मर्क्सला मागे टाकले. पहिला विजय २००८ चा होता. त्या दिवशी ज्यांना त्याने हरवले, तेच रांगेने येऊन त्याला मिठी मारत होते.

या सगळ्यातून आम्ही काय घ्यावे? स्पर्धा वाईट असते, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलामुलींनी जोराने धावावे, परीक्षेत पुढे यावे, दुकान शेजाऱ्याच्या दुकानापेक्षा चांगले चालवावे. पण प्रत्येक स्पर्धेत एक न दिसणारी रेघ असते. शेजारच्या दुकानदाराच्या मालाविषयी खोटी कुजबुज करणे, वर्गातल्या मुलीची वही लपवणे, जावेच्या माहेरावरून टोमणा मारून सासूच्या नजरेत वर चढणे, हे सारे रेघ सोडून उजवीकडे सरकणेच आहे. त्या क्षणी कोपर थोडेसेच बाहेर येते. समोरच्याला किती लागले ते आपल्याला नंतर कळते, कधी कळतही नाही.

ज्यांच्याकडून असे काही झाले असेल, त्यांनी शिक्षा झाली की सुटलो असे समजू नये. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी एकटे जावे, सोबत कॅमेरा नको आणि चार माणसेही नकोत. ज्याला लागले आहे, त्याच्यावर माफीची घाई कोणी करू नये. आणि बाजूला उभ्या असलेल्या आपण सर्वांनी, दोरी पाठवणाऱ्यांत सामील होण्याऐवजी, पडलेल्याचे डोके धरायला पुढे व्हावे.